बसल्या जागी साडेबारा हजार किलोमीटर

विमान तिकडे पोचायला किती तास घेतं, हा प्रश्न मी आमच्या इमारतीत विचारायला नको होता. साधा प्रश्न. मीठ कुठल्या डब्यात आहे, इतका साधा. पण आमच्याकडे साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणं कमीपणाचं मानतात.

विचारायचं कारण असं की मला लेकीकडे जायचं होतं. ती जगाच्या पार त्या टोकाला राहते. तिचे दिवस भरत आले होते आणि जावई जहाजावर नोकरीला, म्हणजे असून नसल्यासारखा. घरात तिसरं माणूस नाही. फोनवर म्हणाली, "आई, मी करीन गं सगळं, तू काळजी करू नकोस." दूध उतू जाताना समोर दिसत असूनही जी मुलगी गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा याचा विचार करत उभी राहते, ती सगळं करणार. मी फोन ठेवला आणि माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

बॅग मुलाने काढून दिली, पुसून दिली आणि मग म्हणाला, "आई, तुला नाही झेपणार."

"झेपणार नाही तर बॅग कशाला काढलीस?"

"नाहीतर तू स्टुलावर चढली असतीस."

हे मात्र खरं होतं.

माझा मुलगा लिफ्ट तपासणारा इन्स्पेक्टर आहे. कुठल्याही इमारतीची लिफ्ट याने सही केल्याशिवाय हलत नाही, आणि हा आधी त्या लिफ्टमध्ये लोखंडी वजनं भरून ती वरखाली नेऊन बघितल्याशिवाय सही करत नाही. चांगली गोष्ट आहे. पण नोकरीची सवय घरात आणू नये. हा नवी खुर्ची घेतली तरी तिच्यावर आधी गव्हाचं पोतं ठेवून बघतो. लग्नाच्या आधी सुनेला काय काय विचारून बघितलं असेल ते तिलाच माहीत. बिचारी बोलत नाही.

माझ्याबद्दल त्याचं म्हणणं गुडघ्यांवरून होतं. माझे गुडघे माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे आहेत, एवढंच. बाकी मी ठणठणीत आहे. पण वर्षभरापूर्वी मी जिन्यात पडले, तेव्हापासून हा माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या लिफ्टसारखा बघतो.

मी सुनेला घेऊन थेट तिकीट काढून देणाऱ्यांच्या ऑफिसात गेले. तिथे काचेपलीकडे एक मुलगी बसली होती. तिने माझं वय विचारलं. मी सांगितलं. तिने सुनेकडे बघितलं. मी म्हटलं, "माझं वय मलाच जास्त माहीत आहे, तिच्याकडे बघू नकोस." ती म्हणाली, "आजी, या वयात एवढ्या लांबच्या प्रवासाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं."

डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी गुडघे दाबले, पाय दाबले आणि विचारलं, "एकूण किती तास बसायचंय? ते कळल्याशिवाय मी कसं लिहून देऊ?"

पुन्हा ऑफिसात. काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "तास कुठल्या विमानाचं तिकीट घेता त्यावर आहेत. आधी प्रमाणपत्र आणा, मग तिकीट काढू, मग तास सांगते."

पुन्हा डॉक्टर. ते हसले. मला हसणारा डॉक्टर आवडत नाही. फी घ्यायची ती गंभीर तोंडाने घ्यावी. म्हणाले, "असं करा, तास शोधून काढा आणि घरी तेवढा वेळ बसून बघा. पाय फार सुजले नाहीत तर मी लिहून देतो."

ते सहज बोलून गेले. हा डॉक्टर लोकांचा दोष आहे. बोलतात सहज, आणि घरी जाऊन ते कोणाच्या हातात पडणार आहे याचा विचार करत नाहीत.

तर तास. मी जिन्यात, समोरच्या दारातल्या बाईला विचारलं. तिला आम्ही बिनतारी म्हणतो. कारण तिच्या कानात पडलेली गोष्ट तारेशिवाय सगळीकडे पोचते. ती म्हणाली, "दोन दिवस. माझ्या दिराच्या मुलाला दोन दिवस लागले." खोदून विचारल्यावर कळलं की दिराचा मुलगा मधल्या विमानतळावर बाकावर झोपून गेला होता आणि पुढचं विमान त्याच्याशिवाय निघून गेलं होतं. मी म्हटलं, त्याची झोप माझ्या प्रवासात कशाला धरतेस? ती म्हणाली, "मी आपलं सांगितलं."

संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई नकाशा घेऊन खाली आल्या. टेबलावर नकाशा पसरला, आमच्या गावावर एक बोट, लेकीच्या गावावर दुसरं, मध्ये पट्टी. पट्टी समुद्रावरून सरळ गेली. मला पटलं. तोच त्या म्हणाल्या, "पण हे खरं नाही हं काकू. पृथ्वी गोल आहे." मी चौथीपर्यंत शिकले, तेवढं मलाही माहीत आहे. तरी त्या पुन्हा वर गेल्या, पृथ्वीचा गोळा घेऊन आल्या, त्याच्यावर दोरा ताणला, आणि दोरा समुद्र सोडून पार वर बर्फाच्या अंगाने गेला. म्हणाल्या, "बघा, हा रस्ता जवळचा."

"वर जाऊन वळसा घालायचा आणि तो जवळचा?"

"गोळ्यावर तसंच असतं."

मी दोन वेळा दोरा स्वतः ताणून बघितला. तसंच होतं. मला राग आला, पण कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी चहा टाकला.

चहाच्या वासाने टाइमकीपर काका आले. हे तळमजल्यावर राहतात. बसडेपोत जन्मभर टाइमकीपर होते. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, ते लिहायचं आणि शिट्टी मारायची. निवृत्त झाले तेव्हा शिट्टी घरी घेऊन आले. त्यांनी दोरा बघितला, गोळा बघितला आणि विचारलं, "अंतर किती?"

सुनेने फोनवर बघितलं. साडेबारा हजार किलोमीटर.

"वेग?"

सुनेने तोही सांगितला. काकांनी मनात भागाकार केला, ओठ हलवले आणि म्हणाले, "वहिनी, नुसत्या भागाकारावर जाऊ नका. गाडी फलाटावरून हलायला वेळ लागतो, पुढे उतरायच्या आधी रांग असते. आणि वारा. समोरून वारा असला तर धरा तासभर जास्त." हे गृहस्थ आयुष्यात विमानात बसलेले नाहीत. पण बोलणं असं, की विमान यांच्या सहीने सुटतं.

एवढ्यात मुलगा कामावरून आला. त्याने सगळ्यांचं ऐकलं, फोन स्वतः तपासला आणि निकाल दिला: न थांबणारं विमान, सगळं धरून चौदा तास. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "डॉक्टर बरोबर बोलले. मी लिफ्टसुद्धा भार ठेवून बघितल्याशिवाय पास करत नाही. तू चौदा तास बसून दाखव. शेवटी आपली आपण उठून, कोणाला न धरता दारापर्यंत चाल. तिकीट मी काढून देईन. नाही जमलं तर विषय संपला."

"मग ठेव भार," मी म्हटलं. "रविवारी."

रविवारी उजाडताच त्याने बैठकीची खोली विमान केली. मला वाटलं होतं, मी माझ्या खुर्चीत बसेन, टीव्ही बघेन, झालं. तर याने जेवायच्या टेबलाच्या तीन खुर्च्या खिडकीला लागून एका ओळीत मांडल्या. हातात टेप. विमानात गुडघ्यापुढे जागा किती असते ते फोनवर वाचलं, मोजलं, आणि बरोबर तेवढ्यावर समोर चपलांचं कपाट सरकवून ठेवलं. मी म्हटलं, "विमानात समोर चपला असतात का?" तो म्हणाला, "समोरच्याने बूट काढले तर असतात."

मी खिडकीच्या खुर्चीकडे निघाले तर काकांनी शिट्टी मारली. "खिडकी मिळेलच कशावरून वहिनी? वाईटात वाईट धरून चालायचं. मधली."

मधल्या खुर्चीत बसायचं तर दोन्ही बाजूंना माणसं हवीत. जायच्या वाटेवरच्या खुर्चीत मुलगा स्वतः बसला, म्हणजे नजर राहील. खिडकीशी बिनतारी. मी विरोध केला. मुलगा म्हणाला, "शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसतं, आई." पट्टे म्हणून त्याने घरातले कमरपट्टे गोळा केले. मला बॅगेचा पट्टा आला.

सुनेला हवाई सुंदरी नेमली. सुंदर ती आहेच, हवाई त्या दिवशी झाली. ती दवाखान्यात येणाऱ्यांना नंबर देण्याचं काम करते, त्यामुळे गोड आवाजात नाही म्हणणं तिला शिकवावं लागत नाही. काकांनी शिट्टी मारली, घड्याळात बघितलं, आणि आम्ही सुटलो.

पहिला तास मजेत गेला. मी बिनतारीला मुद्दाम काही विचारलं नाही, तरी तिने मला तिच्या दिराच्या मुलाची सगळी हकीकत परत सांगितली. मग म्हणाली, "लांबच्या विमानात पायात रक्ताची गाठ होते म्हणे. माझ्या ओळखीत एक होत्या. उतरल्या त्या सरळ स्ट्रेचरवर."

"तुझ्या ओळखीतलं कोणी धडपणे पोचलं आहे का?"

तिने आठवून बघितलं. कोणी आठवलं नाही.

मग मला उठायचं होतं. कशाला ते सांगत नाही. मुलाने फोन खिशात घातला, पट्टा सोडला, खुर्ची मागे सरकवणार तोच सुनेने टेबलावरचा दिवा लावला. "पट्टे बांधा. हवा खराब आहे."

"हवा कुठे खराब आहे? उन्हं आली आहेत."

"आई, ते आपल्या हातात नसतं," ती गोड आवाजात म्हणाली. दिवा बराच वेळ लागलेला होता. मी तिला मनात जे काही म्हटलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि पुढे तिने दोन्ही वेळचं जेवण ताटात वाढून हातात आणून दिलं म्हणून माफही केलं.

खरी अडचण बाहेरच्या लोकांची झाली. विमान म्हटल्यावर माणसं दारातून डोकावून जायला लागली. तळमजल्यावरची एक जण आपलं तान्हं घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, विमानात रडणारं पोर असतंच ना, हे ठेवते, मी बाजारातून आलेच." चपलांच्या कपाटावर दुपटं घालून पोर ठेवलं. ते रडलं मात्र नाही. एकटक माझ्याकडे बघत बसलं. रडणं परवडलं असतं. मुलाने एक हात त्या दुपट्यावर ठेवला तो त्याची आई येईपर्यंत काढला नाही.

दुपारी कपडे धुण्याचं मशीन दुरुस्त करणारा आला. त्याला आठ दिवस बोलावत होतो, तो नेमका तेव्हा आला. मोरीकडे जायची वाट मुलाच्या खुर्चीने अडलेली. सून म्हणाली, "थोडं थांबा, विमान हवेत आहे." त्याने आम्हा तिघांना ओळीत, पट्ट्यांनी बांधलेलं बघितलं, हत्यारांची पिशवी उचलली आणि काही न विचारता जिना उतरला. त्यानंतर तो आजतागायत आलेला नाही. कपडे अजून हाताने धुतो आहोत.

जेवणं झाली. बिनतारी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, तोंड उघडं. तिचं डोकं बोलण्यापेक्षा जड आहे. काका आरामखुर्चीत घोरत होते, शिट्टी छातीवर वरखाली होत होती. सून आत भांडी लावत होती. खोलीत घड्याळाशिवाय आवाज नाही. मुलगा आणि मी बसून. आम्ही दोघं असे बाजूबाजूला शेवटचे कधी बसलो होतो, मला आठवेना. तो येतो, जेवतो, जातो. मी वाढते आणि बोलते. समोरासमोर. बाजूला बसलं की माणसाला तोंड बघावं लागत नाही, त्यामुळे बोलायला बरं पडतं.

तो म्हणाला, "तुला जायचंच आहे का?"

"तिच्याजवळ कोण आहे?"

"मी तिला म्हटलं, बाई ठेव कामाला. पैसे मी पाठवतो."

"बाई येईल, बाळाला न्हाऊ घालेल आणि जाईल. ही घाबरली तर कोणाला सांगेल? ही सांगत नाही, तुला माहीत आहे. लहानपणी दात पडला तरी दोन दिवस मुठीत धरून फिरत होती."

तो पाय लांब करायला गेला, कपाटावर आपटला, परत ओढून घेतला.

"तू जिन्यात पडलीस, तेव्हा मी घरी होतो," तो म्हणाला. "मी उचललं तुला. दोन मजले. तू मला शिव्या देत होतीस, हळू चाल म्हणून. तिथे वर कोण आहे?"

मी म्हटलं, "तू हळू चालत नव्हतास." तो हसला. मग मी बिनतारीचं डोकं खांद्यावरून उचलून खिडकीला टेकवलं.

संध्याकाळ झाली तसे माझे पाय माझे राहिले नाहीत. आधी दुखले, मग जड झाले, मग खाली काही आहे की नाही तेच कळेना. तोंडावर मी काही दाखवलं नाही. डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे पंजे वरखाली केले, तेही कोणी बघत नसताना. तास भरत आले आणि दिवसभर येऊन गेलेली सगळी इमारत आमच्या दाराशी उभी राहिली. शिकवणीवाल्या बाई, बाळाची आई, तिच्या कडेवर ते बाळ, अजून माझ्याकडेच बघत. मुलाने घड्याळ बघितलं. काकांनी हात वर केला. "थांबा. खाली गर्दी आहे, उतरायला जागा नाही. घिरट्या घालाव्या लागतील."

"किती?"

"वीसेक मिनिटं तरी."

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना पुष्कळ बोलले आहे. पण तेव्हा मी काकांकडे नुसतं बघितलं, आणि ते म्हणाले, "दहा."

दहा मिनिटांनी शिट्टी वाजली. बिनतारी दचकून जागी झाली आणि म्हणाली, "पोचलो का?" सुनेने दिवा मालवला. दारातल्या सगळ्यांनी वाट मोकळी केली. मी पट्टा सोडला, दोन्ही हात खुर्चीच्या कडेवर ठेवले आणि उठायला गेले.

गुडघे उठले नाहीत.

दुसऱ्यांदा जोर लावला. काही नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, बाई रुबाबात बसली आहे, सावकाश उठेल. पण मला कळलं होतं. आता कोणीतरी धावून येणार, काखेत हात घालणार, आणि माझी लेक तिकडे एकटी, घाबरली तरी मूठ मिटून बसणार. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि ती एक पाऊल पुढे आली. मी डोळ्यांनी तिला तिथेच थांबवलं.

"अरे," मुलगा म्हणाला. "थांब आई. मलाच उठता येत नाहीये."

तो वाटेवरच्या खुर्चीत. त्याच्या आधी मला बाहेर पडता येणार नव्हतं, हे नियमातच होतं.

"मुंग्या आल्यात," तो म्हणाला, आणि उजवी पोटरी धरून वाकला. "अजिबात हलत नाही."

झालं. सगळी इमारत माझ्यावरून उठली आणि त्याच्यावर बसली. बिनतारी म्हणाली, "गाठ, गाठ असेल, मी सकाळीच म्हटलं होतं." शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या, अंगठा ओढा. बाळाची आई म्हणाली, चोळू नका, उलट होतं. काका म्हणाले, "तरुण माणूस, आणि ही अवस्था. वहिनी बघा कशा बसल्यात." कोणी पाणी आणलं, कोणी पाय धरला, कोणी सोडवला. हा आपला, "आई गं, आई गं," करत बसलेला. बराच वेळ चाललं ते. तेवढ्यात मी चपलांच्या कपाटाआड एक पाय लांब केला, आखडला, लांब केला. मग दुसरा. मग परत पहिला. रक्त खाली उतरताना कळत होतं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

मग तो म्हणाला, "आता जरा बरं आहे," आणि उठून वाटेतून बाजूला झाला.

मी उठले. खुर्चीला हात लावला, तेवढा विमानातही लावतात. मग हात सोडले आणि दारापर्यंत चालत गेले. सावकाश गेले, पण माझी चालच तशी आहे, घाई करायचा माझा स्वभाव नाही. दाराच्या चौकटीशी उभी राहून मागे वळले. काकांनी वेळ लिहून घेतली. शिकवणीवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, मला ते आवडलं नाही असं मी दाखवलं.

मुलगा आतून येत होता. सगळे त्याला म्हणत होते, सांभाळून, सांभाळून. खुर्चीपासून टेबलापर्यंत तो उजव्या पायाने लंगडला. टेबलापासून दारापर्यंत डाव्या.

माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पास. उद्या तिकीट काढतो."

मी त्याचे दोन्ही पाय नीट बघितले. म्हटलं, "पाय शेकून घे. आणि मधली सीट नको सांग त्यांना."